जुन्या डेस्कटॉपचा मॉडेम: आधी ओळख, मग ड्रायव्हर

"कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला आणि तेव्हापासून नेट लागत नाही. मॉडेमची सीडी सापडत नाही. आता काय करू?" अशी विचारणा वाचकांकडून वरचेवर येते. कुणाच्या घरी मुलांसाठी दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप असतो. कुणाच्या दुकानाचा सगळा हिशेब त्याच एका मशीनवर असतो. कुणी गावातल्या वाचनालयाला देणगीत मिळालेला संगणक सुरू करायला बसलेलं असतं. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही, अशी सगळ्यांची सारखीच कोंडी झालेली असते.

ही कोंडी घरबसल्या फुटू शकते. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, फक्त क्रम पाळायला हवा. सीडी शोधण्याआधी, काही डाउनलोड करण्याआधी आणि कुणाला पैसे देण्याआधी आपल्या उपकरणाची ओळख पटवा. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण कसं चालवायचं ते विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर, हा खोक्यावर छापलेल्या नावासाठी नसतो, तो आतल्या चिपसाठी असतो. एकाच चिपचे मॉडेम निरनिराळ्या नावांनी विकले गेले आणि एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या गेल्या. म्हणून नावावरून ड्रायव्हर शोधणाऱ्यांची बहुतेक वेळा फसगत होते.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

'मॉडेम' हा शब्द आपण पाच वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. आधी कॅबिनेटची मागची बाजू बघा आणि आपली वस्तू यातली कुठली ते ठरवा.

1. टेलिफोनचा आतला मॉडेम. कॅबिनेटच्या मागे एका पट्टीवर टेलिफोनच्या वायरीची दोन छोटी भोकं असतात. एकावर 'लाइन' आणि दुसऱ्यावर 'फोन' असं लिहिलेलं किंवा चित्र काढलेलं असतं. याला ड्रायव्हर लागतोच.
2. टेलिफोनचा बाहेरचा मॉडेम. दिवे लुकलुकणारी वेगळी डबी, तिला स्वतःचा अडॅप्टर आणि संगणकाकडे जाणारी जाड सिरियल केबल. अशा बहुतेक मॉडेमना विंडोजमध्ये आधीपासून असलेला 'स्टँडर्ड ५६००० बीपीएस मॉडेम' हा पर्याय चालतो. सीडी हरवली असली तरी काम अडत नाही.
3. ब्रॉडबँडचा किंवा फायबरचा डबा. यातून संगणकाकडे टेलिफोनच्या वायरीपेक्षा रुंद क्लिपची लॅन केबल येते. या डब्याला संगणकात मॉडेमचा ड्रायव्हर लागतच नाही. लागतो तो संगणकातल्या लॅन कार्डचा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.
4. यूएसबी डोंगल. सिमकार्ड घालायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा.
5. मोबाइल फोन. यूएसबी केबलने जोडून 'टेदरिंग' सुरू केलं की फोनच मॉडेमचं काम करतो.

टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या जुन्या एडीएसएल डब्यांना लॅन आणि यूएसबी अशा दोन्ही जागा असत. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या काळातले असे डबे आजही अनेक घरांत आहेत. तुमच्याकडे दोन्ही पर्याय असतील तर डोळे मिटून लॅन निवडा. यूएसबीने जोडलात तर ड्रायव्हर शोधण्याचं काम वाढेल आणि फायदा काहीच होणार नाही.

टेलिफोन मॉडेमवर वेळ घालवायचा का?

कार्ड टेलिफोनचं असेल तर कामाला लागण्याआधी एक हिशेब करा. या मॉडेमचा सर्वोच्च वेग सेकंदाला ५६ किलोबिट. म्हणजे वेग पूर्ण मिळाला तरी ३ एमबीचा मोबाइलवरचा एक फोटो उतरायला सात मिनिटांहून जास्त वेळ लागणार. आजच्या वेबसाइट त्यावर चालत नाहीत. नेटसाठी असा मॉडेम दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

फॅक्स पाठवण्यासाठी किंवा एखाद्या जुन्या यंत्रणेशी टेलिफोनवरून जोडणी करण्यासाठी मात्र तो अजून उपयोगी पडतो. त्यासाठी तांब्याच्या तारेची लँडलाइन हवी. फायबरच्या डब्यातून निघणाऱ्या फोन लाइनवर मॉडेमच्या खुणेचे सूर बिघडू शकतात. तिथे जोडणी तुटली तर दोष ड्रायव्हरचा आहे असं समजू नका.

ओळख पटवण्याच्या पायऱ्या

1. विंडोज एक्सपीमध्ये 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करा, मग 'प्रॉपर्टीज', 'हार्डवेअर' आणि 'डिव्हाइस मॅनेजर'. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज' निवडा, डावीकडे 'डिव्हाइस मॅनेजर' दिसेल.
2. पिवळं प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असलेल्या ओळी शोधा. त्या बहुधा 'अदर डिव्हायसेस' या गटात असतात.
3. त्या ओळीवर डबल क्लिक करून 'डीटेल्स' हा टॅब उघडा. यादीतून 'हार्डवेअर आयडी' निवडा.
4. आता एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यातले दोनच तुकडे आपल्या कामाचे. 'व्हीईएन' या अक्षरांनंतरची चार अक्षरं-अंक चिप बनवणाऱ्या कंपनीची खूण सांगतात आणि 'डीईव्ही'नंतरची चार त्या चिपचा नंबर सांगतात. यूएसबी उपकरणांत याच जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतात.
5. ही आठ अंक-अक्षरं कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा.

नेहमी आढळणाऱ्या कंपन्यांच्या खुणा अशा:

- १४एफ१: कोनेक्संट. आतल्या मॉडेममधली अतिशय प्रचलित चिप.
- ११सी१: ल्यूसंट, पुढे अगेरे.
- १०५७: मोटोरोला.
- १३४डी: पीसीटेल.
- १०ईसी: रिअलटेक. बहुतेक वेळा हे लॅन कार्ड असतं.
- ८०८६: इंटेल. हे मॉडेम असू शकतं किंवा मदरबोर्डचाच भाग असू शकतं.
- १२डी१: हुआवेचा डोंगल.
- १९डी२: झेडटीईचा डोंगल.

कार्ड अगदीच दिसत नसेल तर संगणक बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि मगच झाकण उघडा. कार्डाचा स्क्रू काढून ते सरळ वर ओढा. मधल्या मोठ्या काळ्या चौकोनावर कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो. धूळ ब्रशने झटकली आणि टॉर्च तिरपी धरली की अक्षरं वाचता येतात. कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा कचरा झटका आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवा. 'दिसतच नाही' म्हणून टाकून दिलेली कार्डं एवढ्यावर चालू होताना मी पाहिली आहेत.

एका वाचनालयातला अनुभव

आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात देणगीत आलेला डेस्कटॉप होता, २००७ च्या सुमाराचा. एक्सपी नव्याने टाकलेलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' या नावापुढे पिवळं प्रश्नचिन्ह. तिथल्या ग्रंथपालताईंनी चार ठिकाणांहून मॉडेमच्या सीडी मिळवून टाकून पाहिल्या होत्या. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगून ठेवला होता.

नाव ऐकून ते मॉडेम वाटणं स्वाभाविक आहे, कारण ड्रायव्हर नसलेला आतला मॉडेम विंडोजला याच नावाने दिसतो. पण खूण उघडून पाहिली तर 'व्हीईएन'पुढे ८०८६. कॅबिनेटच्या मागे टेलिफोनचं भोक एकही नाही. म्हणजे मशीनमध्ये मॉडेम नव्हताच. ती ओळ इंटेलच्या मदरबोर्डवरच्या एका व्यवस्थापन-चिपची होती आणि नेटशी तिचा काही संबंध नव्हता. खरी अडचण तिच्या खालच्या ओळीत होती: 'इथरनेट कंट्रोलर', खूण १०ईसी, नंबर ८१६८. रिअलटेकच्या या लॅन चिपचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये मुळात येत नाही. ताईंनी स्वतःच्या लॅपटॉपवर तो उतरवला, पेनड्राइव्हने आणला आणि टाकला. भिंतीपाशी लोंबणारी केबल जोडल्यावर मागच्या बाजूचा हिरवा दिवा लागला. चार सीडी आणि मदरबोर्डचा प्रश्न आठ अंक-अक्षरांनी सुटला होता.

ड्रायव्हर कुठून मिळवायचा?

या क्रमाने शोधा आणि वरचा पर्याय संपल्याशिवाय खाली उतरू नका.

1. घरातलीच सीडी. मॉडेमच्या सीडीइतकीच मदरबोर्डची सीडीही महत्त्वाची आहे. लॅनचा आणि चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर तिच्यातच असतो.
2. संगणक बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट. ब्रँडेड मशीन असेल तर कॅबिनेटवरच्या स्टिकरवर सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग असतो. तो टाकल्यावर त्या मशीनचे ड्रायव्हर मिळतात.
3. चिप बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट. रिअलटेक आणि इंटेल आजही आहेत. मॉडेमवाल्या बऱ्याच कंपन्या मात्र उरल्या नाहीत. अगेरे २००७ मध्ये एलएसआयमध्ये विलीन झाली. कोनेक्संट २०१७ मध्ये सिनॅप्टिक्सने घेतली. जुने पत्ते उघडत नाहीत ते यामुळे.
4. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. मायक्रोसॉफ्टचं हे संकेतस्थळ मोफत आहे. तिथे हार्डवेअर आयडी टाकून शोधता येतं. एक्सपीवरून ते उघडायला बसू नका, दुसऱ्या संगणकावरून उघडा.
5. इंटरनेट आर्काइव्ह. जुन्या ड्रायव्हर सीडींच्या प्रती तिथे जपून ठेवलेल्या आहेत. उतरवलेली फाइल वापरण्याआधी अँटिव्हायरसने तपासा.

दुसरा संगणक नसेल तर मोबाइलवर फाइल उतरवून ती मेमरी कार्डाने किंवा पेनड्राइव्हने हलवा. विंडोज ७ असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, त्यामुळे तात्पुरतं नेट मिळून कोंडी तिथल्या तिथे फुटते. विंडोज ९८ ला पेनड्राइव्हसाठीही वेगळा ड्रायव्हर लागतो, तिथे सीडी लिहून नेणं उत्तम.

फाइल आपलीच आहे ना, हे दोन मिनिटांत तपासा

उतरवलेली झिप फाइल एका फोल्डरमध्ये उघडा. आत 'आयएनएफ' प्रकारची एक किंवा अनेक फाइल्स असतील. ही साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबा आणि तुम्ही लिहून घेतलेला चिपचा नंबर शोधा. कंपनीची खूण आणि चिपचा नंबर दोन्ही एकाच ओळीत सापडले तर ड्रायव्हर तुमच्याच चिपचा आहे. नंबर कुठेच नसेल तर तो ड्रायव्हर टाकू नका, मग वेबसाइटवर काहीही लिहिलेलं असो.

आणखी दोन गोष्टी जुळायला हव्यात. विंडोजची आवृत्ती आणि ३२ बिट की ६४ बिट. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही आणि ६४ बिटचा ३२ वर चालत नाही. एक्सपीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ६४ बिटचा उल्लेख नसेल तर ते ३२ बिट समजा. विंडोज ७ मध्ये 'सिस्टिम टाइप'पुढे स्पष्ट लिहिलेलं असतं.

ड्रायव्हर टाकण्याची रीत

टाकण्याआधी 'सिस्टिम रिस्टोअर'मध्ये एक रिस्टोअर पॉइंट बनवा. काही बिघडलं तर मागे येता येतं. महत्त्वाच्या फाइल्स, विशेषतः हिशेबाचा डेटा, पेनड्राइव्हवर काढून ठेवा. नव्याने विंडोज टाकलेलं असेल तर चिपसेटचा ड्रायव्हर सर्वांत आधी टाका. त्याशिवाय बाकीची उपकरणं विंडोजला नीट ओळखता येत नाहीत.

1. सेटअपची फाइल असेल तर ती चालवा, संगणक पुन्हा सुरू करा आणि डिव्हाइस मॅनेजर तपासा.
2. सेटअप नसेल तर पिवळ्या ओळीवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' निवडा.
3. एक्सपी विचारेल: विंडोज अपडेटवर शोधू का? 'नाही' निवडा. एक्सपीसाठी आता तिथून काही मिळणार नाही.
4. 'ठरावीक ठिकाणाहून इन्स्टॉल करा' या अर्थाचा पर्याय निवडून 'आयएनएफ' फाइल असलेला फोल्डर दाखवा. त्याच्या वरचा किंवा आतला दुसरा फोल्डर दाखवलात तर विंडोजला फाइल सापडेलच असं नाही.
5. ड्रायव्हरची चाचणी झालेली नाही अशी सूचना एक्सपीमध्ये आली आणि चिपचा नंबर तुम्ही जुळवून पाहिलेला असेल, तर पुढे जायला हरकत नाही.

उपकरण आधी जोडायचं की सॉफ्टवेअर आधी टाकायचं, असं अनेक जण विचारतात. आतलं कार्ड आधी बसवा, मग ड्रायव्हर टाका. यूएसबी मॉडेमच्या बाबतीत (डोंगल सोडून, त्याची रीत पुढे आहे) उलट: सॉफ्टवेअर आधी टाका आणि त्याने सांगितल्यावरच मॉडेम जोडा. घाई करून आधी जोडला तर विंडोज चुकीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

डोंगल असेल तर

- डोंगल पहिल्यांदा जोडल्यावर तो मॉडेम म्हणून दिसत नाही, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो. ड्रायव्हर त्याच्या पोटातच असतो. 'माय कॉम्प्युटर'मध्ये ती सीडी उघडा आणि सेटअप चालवा. त्यानंतर डोंगल रूप बदलून मॉडेम होतो.
- तो कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टात लावा. पुढच्या पोर्टांना वीज आतल्या लांब वायरीतून मिळते, त्यामुळे डोंगल मध्येच बंद पडू शकतो.
- फोन नंबरच्या जागी तारा, ९९ आणि हॅश टाका. युजरनेम आणि पासवर्ड बहुधा रिकामेच असतात. एपीएन, म्हणजे नेटला जोडणारा पत्ता, तुमच्या कंपनीचा हवा: बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', जिओसाठी 'जिओनेट', हे सगळं छोट्या रोमन अक्षरांत.
- ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओने ३जी कधी दिलंच नाही. एअरटेलने २०१९-२० मध्ये ३जी बंद केलं, त्यामुळे त्या सिमवर ३जी डोंगल २जीच्या वेगाने रांगतो. हा दोष ड्रायव्हरने दुरुस्त होत नाही.
- काही ४जी डोंगल मॉडेमऐवजी लॅन कार्ड म्हणून दिसतात. त्यांना डायल करावं लागत नाही. मॉडेमच्या यादीत नाव नाही म्हणून घाबरू नका, 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये पाहा.

विंडोज सांगतं त्या कोडचा अर्थ

उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एक कोड नंबर येतो. तो नीट वाचा.

- कोड २८: ड्रायव्हर टाकलेलाच नाही.
- कोड १०: उपकरण सुरू होत नाही. ड्रायव्हर चुकीचा आहे किंवा कार्ड नीट बसलेलं नाही.
- कोड १२: दोन उपकरणं एकाच साधनावर हक्क सांगताहेत. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहा.
- कोड ३९: ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. काढून पुन्हा टाका.
- कोड ५२: ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. विंडोज ७ अपडेट केलेलं नसेल तर नव्या पद्धतीची सही त्याला ओळखता येत नाही.

टेलिफोन मॉडेमची आणखी एक खात्री करून घेता येते. एक्सपीच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'फोन अँड मॉडेम ऑप्शन्स' उघडा, मॉडेम निवडा, 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डायग्नोस्टिक्स'मध्ये 'क्वेरी मॉडेम' दाबा. खाली आज्ञा आणि उत्तरांच्या ओळी आल्या तर ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही ठीक. यापुढची अडचण लाइनची.

ड्रायव्हर बसला, तरी नेट नाही?

या टप्प्यावर बरेच जण पुन्हा ड्रायव्हर बदलायला घेतात. तसं करू नका. आधी हे तपासा.

- एरर ६८०: डायल टोन मिळत नाही. वायर 'फोन'च्या भोकात गेली आहे का पाहा, ती 'लाइन'मध्ये हवी. तरीही होत नसेल तर मॉडेमच्या सेटिंगमध्ये 'डायल टोनची वाट पाहा' यापुढची खूण काढा. आपल्याकडच्या एक्स्चेंजचा टोन काही मॉडेमना ओळखता येत नाही.
- एरर ६९१: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. ड्रायव्हर निर्दोष आहे.
- एरर ६७८: पलीकडून उत्तर नाही. केबल, डबा आणि लाइन तपासा.
- एरर ६३३: मॉडेम दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने अडवून ठेवला आहे. फॅक्सचा प्रोग्रॅम बंद करा.
- तारीख. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की संगणक जुन्या तारखेवर जातो आणि वेबसाइट सुरक्षेच्या कारणावरून उघडत नाहीत. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहा. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.
- ब्राउझर. एक्सपीमधला इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या सुरक्षित जोडण्या समजू शकत नाही. एक्सपीवर चालणारी फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती ५२ ईएसआर, तर विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. त्या टाकल्यावर बऱ्याच साइट उघडतात.

या चुका टाळा

- 'ड्रायव्हर अपडेटर' विकत घेऊ नका. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत' अशी भीती घालून पैसे मागणारे हे प्रोग्रॅम आहेत. वर सांगितलेली सगळी कामं विनामूल्य होतात.
- मोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावर दाबू नका. ती अनेकदा जाहिरात असते.
- अनोळखी माणसाला संगणकाचा दूरवरून ताबा देऊ नका. 'सपोर्ट'च्या नावाने फोन आला तरीही नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.
- नावावरून अंदाजाने एकामागून एक ड्रायव्हर टाकू नका. आधीचा चुकीचा ड्रायव्हर काढल्याशिवाय दुसरा टाकू नका.
- वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना टेलिफोनची वायर मॉडेममधून काढून ठेवा. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही. फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने मॉडेम जळतो, आणि जळलेल्या मॉडेमला कुठलाही ड्रायव्हर चालत नाही.

दुरुस्तीला देताना तुमचे हक्क

दुकानात मशीन नेण्यात कमीपणा नाही. पण ग्राहक म्हणून काही गोष्टी मागून घ्या.

1. बिल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. काय बदललं ते बिलात लिहून घ्या.
2. आधी अंदाजपत्रक. काम सुरू होण्यापूर्वी खर्च लेखी मागा आणि बदललेला जुना भाग परत देण्याचं त्यात नमूद करायला सांगा.
3. फॉरमॅटआधी विचारणा. तुमच्या परवानगीशिवाय डिस्क पुसू नये, हे पावतीवर लिहून घ्या. ड्रायव्हरसाठी फॉरमॅट करण्याची गरज क्वचितच पडते.
4. तक्रार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
5. इंटरनेट कंपनीकडे तक्रार. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर मागा. उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. भाड्याचा मॉडेम परत करताना त्याचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, नाहीतर अनामत परत मिळवताना त्रास होतो.

कधी थांबायचं?

क्रमाने सगळं करूनही लॅनचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर एक दिवसापेक्षा जास्त शोधू नका. रिअलटेक ८१३९ चिपचं साधं पीसीआय लॅन कार्ड काही शे रुपयांत मिळतं आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीमध्येच असतो. मदरबोर्ड बदलण्याचं कारण नाही. विंडोजचा आग्रह नसेल तर हलकं लिनक्स टाकून पाहा. बहुतेक लॅन कार्डं आणि बरेच डोंगल त्यावर आपोआप चालतात. टेलिफोनचे आतले मॉडेम मात्र लिनक्सवर क्वचितच चालतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. अशा मशीनवर नेट आलं तरी बँकेचे व्यवहार, आधार किंवा ओटीपीची कामं तिथे करू नका. वाचन, टंकलेखन, हिशेब, मुलांचा सराव यासाठी ते मशीन अजून कित्येक वर्षं उपयोगी पडू शकतं.

आज नेट चालू असेल तर आजच पाच मिनिटं काढा. मॉडेमची आणि लॅन कार्डाची ती आठ-आठ अंक-अक्षरं एका कागदावर लिहा, चालत असलेले ड्रायव्हर एका सीडीवर घ्या आणि दोन्ही एका पाकिटात घालून कॅबिनेटच्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवा. पुढच्या वेळी फॉरमॅट करायची पाळी येईल तेव्हा तुम्हाला कुणालाही काही विचारावं लागणार नाही.